स्लो कुकरमधलं मटण पाणचट का झालं?

प्रश्न : आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो. मी आणि मिस्टर दोघंही नोकरीला, सकाळी आठला घर सोडतो ते संध्याकाळी साडेसहाला परततो. घरी सासूबाई आणि दोन मुलं. साडेतीन लिटरचा स्लो कुकर, म्हणजे तासन्‌तास मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं, भेट मिळाला म्हणून परदेशी बीफ स्ट्यूच्या पाककृतीवरून मटणाचा स्ट्यू केला. दीड किलो मटणाला कच्ची पपई आणि दही लावलं, त्यात बटाटे, गाजर, कांदा, तीन टोमॅटो आणि चार ग्लास पाणी घातलं. सगळं कच्चंच टाकून ‘लो’वर लावलं आणि निघाले. संध्याकाळी रस्सा पाण्यासारखा, वर तर्रीचा पत्ता नाही. मटणाचे काही तुकडे भुगा झालेले, काही वातड. बटाटे तर दाताखाली कचकच वाजत होते. सासूबाईंना ते चावलंच नाही. प्रेशर कुकर काय वाईट होता, असं आता सगळे म्हणतात. चुकलं कुठे? आणि श्रावणात यात राजमा केला तर चालेल का?

उत्तर : ताई, भांडं चांगलं आहे आणि तुमच्या दिनक्रमाला ते अगदी योग्य आहे. फक्त त्याचा स्वभाव गॅसवरच्या पातेल्यासारखा नाही. दोन गोष्टी लक्षात घ्या. या भांड्यातलं पाणी बाहेर जात नाही आणि त्याची उष्णता फार उशिरा येते. तुमच्या पत्रातली एकेक तक्रार या दोनपैकी कशातून तरी आली आहे.

आधी पाणी. पातेल्यात दोन तास मटण शिजताना निम्मं पाणी वाफ होऊन उडतं, म्हणून आपण सढळ हाताने ओततो. स्लो कुकरच्या झाकणाला लागलेली वाफ मात्र थेंब होऊन परत आतच पडते. शिवाय मटण शिजताना स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्श्याच्या आसपास पाणी सोडतं, त्यात कांद्याचं आणि टोमॅटोचं मिळतं. चार ग्लास घातले होते, संध्याकाळी सहा-सात ग्लास रस्सा झाला असेल. एक किलो मटणाला दीड वाटी, म्हणजे साधारण 300 मिलिलिटर गरम पाणी पुरतं. भांडं लावताना ते इतकं कमी दिसतं की हात आपोआप तांब्याकडे जातो. तिथे थांबा.

तुम्ही दिलेल्या मापांवरून भांडं काठोकाठ भरलं असणार, हीही चूक झाली. साडेतीन लिटरच्या भांड्यात निम्म्याहून जास्त आणि दोन तृतीयांशापर्यंतच माल हवा. या भांड्याला आच मुख्यतः कडेच्या भिंतीतून मिळते. गच्च भरलं की मधला भाग दुपारपर्यंत कोमटच राहतो आणि रस्स्याच्या वर डोकावणारे तुकडे शिजण्याऐवजी सुकतात. तुमचे वातड तुकडे बहुतेक वरच्या थरातले असणार, किंवा रानातले. रान म्हणजे मागची मांडी, तिच्यात चरबी कमी. इतका वेळ शिजवली की ती दोऱ्यासारखी सुटते आणि कोरडी लागते.

पपईचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तव्यावर किंवा निखाऱ्यावर होणाऱ्या मटणाला ती लावणं बरोबरच आहे. तिथे आच झटकन चढते आणि पपईतला पाचक रस काही मिनिटांत निकामी होतो. स्लो कुकरमध्ये मटण 50 ते 70 अंशांच्या टप्प्यात दीड-दोन तास रेंगाळतं आणि नेमक्या त्याच टप्प्यात हा रस सगळ्यात जोमाने काम करतो. तुकड्याची बाहेरची बाजू पिठासारखी होते, आतली तशीच राहते. आठ तास शिजणाऱ्या मटणाला मऊ करायला दुसरं काही लावायची गरजच नसते. दहीही नको, ते इतक्या वेळात फाटतं आणि रस्स्यात कण्या दिसतात.

आता बटाटे. मटण शिजलं आणि बटाटा राहिला, हे बऱ्याच जणांना कोडं वाटतं. बटाटा 55 ते 65 अंशांच्या दरम्यान बराच वेळ राहिला की त्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन उलट घट्ट होतं आणि मग पुढे तो लवकर मऊ पडत नाही. त्यात टोमॅटो आणि दह्याचा आंबटपणा आला की तो आणखी टणक राहतो. गाजराचंही तेच. उपाय सोपा आहे : बटाट्याच्या अडीच सेंटिमीटरच्या फोडी मिठाच्या पाण्यात सहा-सात मिनिटं उकळून घ्यायच्या, गाजराचे त्याहून लहान तुकडे करायचे, दोन्ही भांड्याच्या तळाशी कडेला लावून ठेवायचे आणि आंबट पदार्थ संध्याकाळपर्यंत आत जाऊच द्यायचा नाही. नवा बटाटा घेतलात तर फोडी अखंड राहतात. जुना विरघळतो, पण रस्सा दाट करतो. दोन नवे, एक जुना असं घेतलं तर उत्तम.

मूळ पाककृती बीफची आहे. तिकडे त्यासाठी जनावराच्या खांद्याचं मांस घेतात, कारण त्यात चिवट पांढरे पडदे भरपूर असतात आणि तेच पडदे तासन्‌तास 70 अंशांच्या वर राहिले की विरघळून रस्स्याला चिकट दाटपणा देतात. महाराष्ट्रात 2015 पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथे ही पद्धत बोकडावरच बसवायची आणि ती छान बसते. तत्त्व तेच : खांदा मागा. मटणवाल्याला सांगा, ‘फऱ्याचं द्या, थोडा सीना, थोडी गर्दन, दोन नळ्या आणि तुकडे जरा मोठे.’ चार सेंटिमीटरचे तुकडे हवेत. नेहमीचे बारीक तुकडे आठ तासांत हाडापासून सुटून हरवतात आणि मुलांच्या घासात हाडाची कपची येते. बोकड लहान आणि कोवळा असेल तर साडेसहा-सात तास पुरतात. जून असेल तर आठ लागतात.

पाच जणांसाठी प्रमाण असं धरा. हाडासकट मटण 1 किलो. बटाटे तीन मध्यम, गाजरं दोन. कांदे तीन, सगळे मिळून 300 ग्रॅम. सुकं खोबरं अर्धी वाटी किसलेलं, तीळ एक मोठा चमचा. आलं-लसणाचं वाटण दोन मोठे चमचे. हळद अर्धा छोटा चमचा, मीठ दोन छोटे चमचे. तमालपत्र दोन, दालचिनीचा बोटभर तुकडा, मिरे सहा, लवंगा फक्त दोन. खडा मसाला आठ तास मुरतो, त्यामुळे नेहमीइतक्या लवंगा घातल्या की रस्सा कडवट लागतो. दळलेल्या मसाल्याचं उलटं होतं, त्याचा वास तोपर्यंत उडून गेलेला असतो. म्हणून काळा मसाला सकाळी एक छोटा चमचा आणि संध्याकाळी एक. एक लहान टोमॅटो आणि मूठभर कोथिंबीरही संध्याकाळसाठी बाजूला ठेवा.

कांद्याबद्दल नाशिककरांना सांगायची गरज नसावी, तरी सांगतो : वाटणाला उन्हाळ कांदा घ्या. लाल कांद्यात पाणी जास्त, तो परतायला दुप्पट वेळ खातो आणि सकाळच्या घाईत अर्धाकच्चा राहतो. कच्चट कांद्याचा गोडसर उग्र वास स्लो कुकरमध्ये शेवटपर्यंत जात नाही, कारण या भांड्यात काहीच तांबूस होत नाही. पदार्थ खरपूस व्हायला 140 अंशांच्या आसपास आच लागते आणि रस्स्याचं तापमान शंभराच्या पुढे जात नाही. सगळं कच्चं टाकलं की चव उकडलेल्या मटणासारखी लागते ती यामुळेच. खरपूसपणा कढईतच मिळवावा लागतो, त्याला पर्याय नाही.

कामाची विभागणी अशी करा. आदल्या रात्री कांदा, खोबरं, तीळ चांगलं भाजून वाटण करून फ्रिजमध्ये ठेवा. मटण धुऊन चाळणीत पूर्ण निथळू द्या, हळद-मीठ आणि आलं-लसूण लावून झाकून तेही फ्रिजमध्ये. मटण मात्र रात्री परतून ठेवू नका. अर्धवट तापवलेलं मांस गार करून सकाळी पुन्हा मंद आचेवर लावणं धोक्याचं असतं. बटाट्याच्या फोडी पाण्यात बुडवून ठेवल्या तर काळ्या पडत नाहीत. मटण फ्रीझरमधलं असेल तर पूर्ण एक दिवस खालच्या कप्प्यात ठेवून सुटं होऊ द्या. गोठलेला गोळा स्लो कुकरमध्ये कधीही घालायचा नाही. तो वितळण्यातच तीन-चार तास जातात आणि 5 ते 60 अंशांच्या मधल्या त्या टप्प्यातच जंतू वाढतात.

सकाळी सात वाजता रिकामा स्लो कुकर झाकण लावून ‘हाय’वर ठेवा, म्हणजे आतलं भांडं तापतं. काही बनावटीच्या भांड्यांना रिकामं तापवणं चालत नाही, तेव्हा सोबतची पुस्तिका बघा. तसं असेल तर वाटीभर गरम पाणी घालून तापवा. शेजारच्या शेगडीवर बटाटे उकळायला टाका. लोखंडी कढईत तीन मोठे चमचे तेल कडकडीत तापवा आणि मटणाचे तुकडे तीन हप्त्यांत घाला. एकदम सगळं घातलं की काय होतं ते कानाला कळतं. पहिली चर्र थांबून खदखद ऐकू यायला लागली तर समजा की मटणाने पाणी सोडलं आणि ते आता परतलं न जाता उकडतंय. थोडेच तुकडे घातले की चर्र टिकते. तुकडा कढईला चिकटला तर ओढू नका. दोन-तीन मिनिटांत खालची बाजू तांबूस झाली की तो आपणहून सुटतो. दोन बाजू झाल्या की काढा. आतून तो कच्चाच असतो आणि तसाच असायला हवा.

त्याच कढईत आणखी चमचाभर तेल, खडा मसाला आणि रात्रीचं वाटण घालून कडेने तेल सुटेपर्यंत परता. काळा मसाला घाला. मग दीड वाटी उकळतं पाणी ओता आणि उलथन्याने कढईचा तळ नीट खरवडून घ्या. तळाला धरलेला तो तांबडा-तपकिरी थर हीच तुमच्या स्ट्यूची चव आहे. बरेच जण कढई तशीच घासायला टाकतात आणि मग रस्सा फिका का लागतो ते शोधत बसतात. थर काळा पडून जळका वास येत असेल तरच सोडून द्या.

आता तापलेल्या भांड्यात तळाला बटाटे-गाजर कडेला लावून, त्यावर नळ्या आणि मोठे तुकडे, वर बाकीचं मटण, आणि शेवटी उकळता रस्सा. मटण जेमतेम बुडावं. आधी घातलेलं वाटीभर पाणी असेल तर ते मोजण्यात धरा. झाकण लावा, ‘लो’ करा. हे सगळं चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचं काम आहे, आठला बाहेर पडता येतं. सगळं गरमच आत गेल्यामुळे बटाटा त्या अडचणीच्या टप्प्यात रेंगाळत नाही आणि मटणही लवकर सुरक्षित तापमानाला पोचतं. थंडीत निफाडकडे पारा एक आकडी होतो तेव्हा आपल्याकडचे ओटेही बर्फासारखे गार असतात. अशा दिवसांत गरम सुरुवात दुप्पट महत्त्वाची.

सासूबाई घरी आहेत ही फार मोठी सोय आहे. त्यांना दोनच गोष्टी सांगा. झाकण उघडायचं नाही, एकदा उघडलं की आत साठलेली उष्णता जाते आणि ती परत यायला वीस-तीस मिनिटं लागतात. आणि दुपारी चार वाजता बटण ‘वॉर्म’वर आणायचं. तुमच्या कुकरला टायमर असेल तर तेही काम नाही. ‘वॉर्म’वर स्ट्यू दोन-तीन तास आरामात राहतो. उलट, उशिरा सुरू व्हावा म्हणून कच्चं मटण भरून टायमरवर तासन्‌तास थांबवून ठेवू नका, उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

वीज गेली तर? घरी कोणी असेल आणि पहिल्या काही तासांतच गेली असेल तर सरळ सगळं प्रेशर कुकरमध्ये ओतून गॅसवर चार-पाच शिट्ट्या करायच्या. घरी कोणी नसताना गेली आणि किती वेळ बंद होती ते कळत नसेल, तर वास चांगला असला तरी मटण टाकून द्यावं लागतं. जीवावर येतं, पण मुलांच्या पोटाचा प्रश्न आहे. विजेचा खर्च मात्र काळजी करण्याजोगा नाही. साडेतीन लिटरचा कुकर 200 वॅटच्या आसपास ओढतो, आठ तासांत दीड-पावणेदोन युनिट. साधा प्लग चालतो, पण एक्स्टेंशनवर लावू नका आणि तो भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.

संध्याकाळी आलात की वर तरंगणारी चरबी डावाने काढून घ्या. एका नळीचं मांस बोटांनी दाबून बघा. ते हाडावरून सरकलं पाहिजे. रस्सा सैल वाटला तर दोन-तीन बटाट्याच्या फोडी कुस्करून त्यातच मिसळा. तरीही पातळ असेल तर डाळं, म्हणजे भाजकी चणाडाळ, मिक्सरमधून काढून तिचे दोन मोठे चमचे अर्धी वाटी पाण्यात कालवून घाला आणि झाकण किलकिलं ठेवून ‘हाय’वर वीस मिनिटं ठेवा. डाळं भाजलेलं असल्याने पिठाचा कच्चट वास येत नाही.

मग तर्री. मिरचीचा रंग गरम तेलात सुटतो, मंद आचेच्या रस्स्यात तो नुसता विरून जातो, म्हणून तर्री वेगळीच करावी लागते. त्याआधी मुलांचं आणि सासूबाईंचं काढून ठेवा. त्यांना हा मिऱ्याचा सौम्य स्ट्यू तसाच आवडेल. लहान कढईत दोन मोठे चमचे तेल तापवून बारीक चिरलेला टोमॅटो गळेपर्यंत परता, गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा, मग एक चमचा काश्मिरी मिरची पूड आणि उरलेला काळा मसाला घाला. न थांबता घातलंत तर मिरची काळी पडते आणि घशात ठसका जातो. लगेच डावभर गरम रस्सा ओता, तेल लाल होऊन वर येईल. हे उरलेल्या स्ट्यूत मिसळून कोथिंबीर घाला. मीठ आता चाखून बघा, सकाळी नाही. बाजरीची भाकरी किंवा इगतपुरीकडचा इंद्रायणी भात, दोन्ही यावर चांगले जातात.

उरलं तर दोन तासांच्या आत पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवसांत संपवा. पुन्हा गरम करताना गॅसवर पातेल्यात चांगली उकळी आणायची. स्लो कुकरमध्ये शिळं तापवायचं नाही, तो ते काम फार हळू करतो. आणि सिरॅमिकचं गरम भांडं थेट नळाखाली धरू नका, तडा जातो.

कुकर जुना असेल किंवा त्याच्याबद्दल शंका असेल तर एका रविवारी नुसत्या पाण्यावर तपासा. निम्मं भांडं पाणी भरून ‘लो’वर आठ तास ठेवा आणि झाकण उघडल्याबरोबर थर्मामीटरने मोजा. 85 ते 93 अंश सेल्सिअस आलं तर भांडं बरोबर आहे. 85 च्या खाली असेल तर त्यात मटण करू नका. पंच्याण्णवच्या वर जात असेल तर तुमचा ‘लो’ तापट आहे, वेळ तासभराने कमी करा.

प्रेशर कुकरबद्दल घरचे म्हणतात ते खोटं नाही. तुम्ही घरी असाल तर अर्ध्या-पाऊण तासात त्यात चांगलं मटण होतं. स्लो कुकरची किंमत कळते ती नोकरीच्या दिवशी, दारातून आत येताच जेवण तयार असतं तेव्हा. त्यात चिकन करायचं झालं तर ब्रॉयलरला ‘लो’वर चार-पाच तासच द्या, दिवसभर ठेवलं तर तो तंतू तंतू होतो.

आता राजमा. थेट स्लो कुकरमध्ये अजिबात करू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो, तो खळखळ उकळल्याशिवाय नष्ट होत नाही आणि स्लो कुकरची मंद आच त्याला पुरत नाही. असा राजमा खाल्ला की काही तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब सुरू होतात, थोडे दाणेही त्याला पुरतात. राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात गॅसवर अर्धा तास खळखळ उकळा, तेही पाणी ओतून टाका. मग तो भाजलेल्या वाटणात घालून ‘लो’वर सहा-सात तास ठेवा. टोमॅटो इथेही शेवटीच, नाहीतर दाण्याची साल कडक राहते.